लग्नाच्या सकाळी खुर्ची कुठे ठेवायची

प्रिय मित्रा,

लग्नाच्या सकाळी नवरा-नवरीच्या तयारीचे फोटो कोणत्या लेन्सनं काढू, असं तू विचारलं आहेस. लेन्सचं सांगतोच, पण आधी खुर्चीचं. मेकअपची खुर्ची खिडकीपाशी असेल तर साध्या कॅमेऱ्यानंही सकाळ निभावून जाते. तीच पिवळ्या दिव्यांखाली, भिंतीकडे तोंड करून मांडली असेल तर महागडी लेन्सही फारसं काही करत नाही. आणि डबे, ब्रश एकदा मांडले गेले की खुर्ची कुणी हलवू देत नाही. म्हणून सामान उघडायच्या आधी पोच.

थेट ऊन येणारी खिडकी टाळ. दुसरी नसेल तर पातळ पांढरा पडदा ओढ, तोही नसेल तर पांढरी चादर लाव. रंगीत पडदा नको, त्याचा रंग गालावर उतरतो. खुर्ची काचेपासून मीटर-दीड मीटरवर असावी. काचेला अगदी खेटून ठेवली तर उजेड चेहऱ्याच्या रुंदीतच झपाट्यानं कमी होतो आणि एक गाल पांढराफटक, दुसरा काळा येतो. चेहरा खिडकीकडे साधारण ४५ अंशांत तिरका ठेव. तू खिडकीला पाठ करून उभा राहिलास तर चेहरा उजळ पण सपाट येईल; सावलीच्या बाजूला गेलास की गालाचं वळण आणि नाकाची कड उठून दिसते. माझं मत विचारशील तर सावलीची बाजू.

मग खोलीतले दिवे बंद कर. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा. दिवसाचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास असतो, ढगाळ हवेत ६५०० पर्यंत जातो. पिवळे बल्ब २७०० ते ३२०० वर असतात. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक बाजू निळसर, दुसरी नारिंगी, आणि संगणकावर एक सुधारायला जावं तर दुसरी बिघडते. मेकअप करणारी म्हणेल, ‘मला दिसत नाही.’ तिच्याशी वाद घालू नकोस. तिच्याकडे पांढऱ्या उजेडाचा एलईडी असेल तर तो खिडकीच्याच बाजूनं लावू दे. पिवळ्या उजेडात लावलेला बेस, म्हणजे मेकअपचा पहिला थर, बाहेर गेल्यावर वेगळा दिसतो हे तिला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे कारण नीट सांगितलंस तर ती सहसा ऐकते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर सोडू नकोस. फ्रेममध्ये लाल कपडा आला-गेला की त्वचेचा रंग बदलत राहतो. ५२०० ते ५६०० मध्ये पक्का करून टाक.

शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या खाली आणू नकोस, म्हणजे शटर त्याहून जास्त वेळ उघडं राहता कामा नये. माणूस बसलेला असला तरी हात आणि ब्रश सतत हलत असतात. त्यासाठी आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० करावा लागला तरी कर. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा नाही. शांत खोलीत आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावायचा मोह होईल. तो सेन्सरवरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीवरचं, चित्र ओळीओळीनं वाचतो, आणि ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. त्यातून फोटोत आडवे पट्टे उमटतात. मागच्या छोट्या पडद्यावर ते कळत नाहीत, घरी गेल्यावर कळतात. दिवे बंद करता येत नसतील तर १/२०० चा नियम सोड, यांत्रिक शटर वापर आणि १/१०० वर ये. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/१२५.

आता लेन्स. मिमीचा आकडा लहान तितकं जास्त रुंद दिसतं. खोलीसाठी ३५ मिमी, चेहऱ्यासाठी ८५, आणि एकच न्यायची असेल तर ५०. २४ मिमीनं जवळ जाऊन माणसं काढू नकोस, कडेला आलेले हात आणि डोकी ताणली जातात. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं. ८५ मिमीवर एफ/१.४ लावून मीटरभरावरून फोटो काढलास तर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम एक सेंटीमीटर असतो: पापणी स्वच्छ, कान धूसर, आणि माणूस किंचित पुढे झुकला तर पापणीही गेली. एकट्या चेहऱ्याला एफ/२ ते २.८ पुरे, दोन-तीन चेहरे मागेपुढे असतील तर एफ/४.

अंगठ्यांच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं. मॅक्रोनं, म्हणजे अगदी जवळून काढायच्या लेन्सनं, एकास एक (सेन्सरवर खऱ्याएवढ्या) आकारात काढलंस तर एफ/८ लाही जेमतेम एक मिलिमीटर फोकसमध्ये राहतो. थोडं मागे सर, एफ/११ लाव, आणि खडा व कडं शक्यतो सेन्सरला समांतर ठेव. चकाकणाऱ्या धातूत खोलीतलं सगळं उतरतं, तुझा शर्टसुद्धा, म्हणून कपडे गडद आणि बिनरंगी घालून जा. हे सगळं मेकअपचा बेस चालू असताना उरक. तेव्हा चेहऱ्याकडे तुझं काही काम नसतं. दागिने, अंगठ्या, चपला, अत्तर, पत्रिका एकाच खोक्यात काढून ठेवायला आदल्या दिवशीच सांग, नाहीतर अर्धा तास शोधण्यात जातो. दागिने घेऊन एकट्यानं दुसऱ्या खोलीत जायचं नाही. घरातलं कुणीतरी शेजारी हवं, आणि परत देताना मोजून द्यायचे.

कपडा टांगून फोटो काढायचा असेल तर भक्कम खुंटी बघ आणि प्लास्टिकचा हँगर बदलून लाकडी घे. हॉटेलच्या छताला आग विझवणारा स्प्रिंकलर असतो, त्याला कपडा कधीही अडकवायचा नाही. बहुतेक स्प्रिंकलरमध्ये काचेची बारीक नळी असते. ती फुटली की पाणी थांबत नाही, आणि कपडा, कॅमेरा, खोली एकदमच भिजतात.

अर्धवट मेकअपचा चेहरा जवळून काढू नकोस. एक डोळा रंगवलेला, एक कोरा, असा फोटो कुणालाच आवडत नाही. तोवर हात, केस, खोलीतली माणसं, आरसा यांवर लक्ष दे. आरशातल्या प्रतिमेवर फोकस करताना कॅमेरा हटकून आरशाची चौकट पकडतो. फोकसचा बिंदू स्वतः डोळ्यावर ने. काच आधी पुसून घे, बोटांचे ठसे फार दिसतात. चेहऱ्याचे जवळचे फोटो शेवटच्या दहा मिनिटांत, ओठांवर ब्रश पुन्हा फिरवायला सांगून काढ. ही लबाडी सगळेच करतात.

वेळेचं गणित इथेच चुकतं. मेकअप उशिरा संपतो, हे धरूनच चाल. तुला चेहरा ज्या वेळी तयार हवा आहे, त्याच्या पाऊण तास आधीची वेळ मेकअप करणारीला सांग. नवरा-नवरी वेगवेगळ्या ठिकाणी असतील आणि तू एकटा असशील तर नवऱ्याकडे आधी जा. तिथलं काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. त्याचे खिसे रिकामे करायला विसरू नकोस, फोन आणि किल्ल्यांचा फुगवटा प्रत्येक फोटोत दिसतो.

कपडे बदलायची वेळ झाली की न सांगता बाहेर जा. अंग झाकलं गेल्यावर, शेवटची चार-पाच बटणं किंवा गाठ उरलेली असताना आत ये. मदत करणारी माणसं नेमकी खिडकी आणि नवरी यांच्यामध्ये येऊन उभी राहतात. त्यांना दोन्ही बाजूंना उभं कर. ती माणसं स्वतः आधीच तयार झालेली असावीत हे आदल्या दिवशी सांगून ठेव, नाहीतर घरातले चुरगळलेले कपडे अल्बमभर दिसतील. फिकट कपड्यानं फ्रेम भरली की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि फोटो काळपट येतो, तिथे पाऊण ते एक स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). गडद कपड्याला उलट. खिडकी फ्रेममध्ये आली तर चेहऱ्यासाठी एक ते दीड स्टॉप वाढवावा लागेल.

सजलेल्या नवरीला आईवडील पहिल्यांदा बघतात तेव्हा बघणाऱ्याचा चेहरा महत्त्वाचा. त्यांना उजेडाकडे तोंड करून उभं कर, ३५ मिमी, १/२५०, आणि मग तोंडातून शब्द काढू नकोस. नीट आलं नाही म्हणून ‘पुन्हा एकदा’ म्हणायचं नाही. ते पुन्हा खरं येत नाही.

खोलीत अंधारच असेल तर फ्लॅश पांढऱ्या छतावर उडव. लाकडी किंवा रंगीत छत असेल तर नको, त्याचा रंग त्वचेवर येतो. थंडगार खोलीतून दमट हवेत जाताना लेन्सवर बाष्प धरतं; कॅमेरा वीस-तीस मिनिटं बंद पिशवीतच राहू दे आणि लेन्स पुसत बसू नकोस, ती पुन्हा धूसर होते. प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातल्या दोन्ही मेमरी कार्डांवर जाईल असं लाव. दोन कॅमेरे असतील तर त्यांची घड्याळं आदल्या रात्री सेकंदापर्यंत जुळव, नाहीतर फोटो वेळेनुसार लावून निवड करताना नवरी आधी सजते आणि मग मेकअपला बसते.

विधी सुरू झाल्यावरचं पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा शुभचिंतक