स्वतः आजारी पडल्यावर सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवेबद्दलचं राजकीय मत बदलतं का? तुमचं बदललं का?

तुम्ही प्रश्नात कॅनडातला राजकारणी टॉमी डग्लस याचं उदाहरण दिलंय. लहानपणी हाडाच्या आजाराने त्याचा पाय कापायची वेळ आली होती. विनिपेगच्या एका सर्जनने विद्यार्थ्यांना दाखवायची केस म्हणून फुकट ऑपरेशन केलं आणि पाय वाचला. मोठेपणी त्याने कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात सर्वांसाठी सरकारी आरोग्यविम्याचा आग्रह धरला, तो १९६२ साली लागू झाला. आपल्याकडे आजारपणातून अशी मतं घडतात का, असं तुम्ही विचारताय.

माझ्या मते नुसत्या आजाराने कोणाचंही मत बदलत नाही. बिल कोणी भरलं, त्यावर ते ठरतं. आमच्या दाजींना मी हे बरीच वर्षं सांगतोय, म्हणून इथेही लिहितो.

२०१८ साली माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीत पत्रकं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. दवाखान्यात आरोग्यमित्राने, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाने, रेशनकार्ड मागितलं, उघडलं आणि परत दिलं. पांढरं कार्ड. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न लाखाच्या वर असलं की पांढरं कार्ड, आणि तेव्हा आमच्या जिल्ह्यात पांढरं कार्ड म्हणजे महात्मा फुले योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, बसत नाही. वर्षाला लाखभर रुपयांवर घर चालवणारा माणूस सरकारच्या हिशेबात श्रीमंत होता. आधी बायकोच्या पाटल्या गेल्या, मग कटिंग मशीन गेलं. मशीन गेल्यावर काम बाहेरून करून घ्यायचं, म्हणजे कमाई आणखी कमी, पण कार्डाचा रंग तोच.

माझ्या शेजारच्या पलंगावर एक शेतमजूर असायचा, केशरी कार्डवाला. त्याचं डायलिसिस योजनेतून व्हायचं. बाहेरच्या बाकावर आमच्यासारख्यांचे नातेवाईक बसायचे आणि त्याच्या बायकोला ऐकू जाईल असं बोलायचे, ‘टॅक्स आम्ही भरायचा आणि फुकट यांना.’ घरात एवढं मोठं आजारपण असूनही ही माणसं सरकारी आरोग्यसेवेच्या विरोधात गेली, कारण ती त्यांना दिसत होती पण मिळत नव्हती. योजना ठरावीक लोकांनाच दिली की उरलेले तिचे वैरी होतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरा प्रकार चिठ्ठीवाल्यांचा. आमदारांच्या कार्यालयातून पत्र न्यायचं, मुख्यमंत्री सहायता निधीतून थोडे पैसे, एखाद्या ट्रस्टचे थोडे, असं करून ऑपरेशन होतं. मग तो माणूस जन्मभर ‘साहेबांमुळे वाचलो’ म्हणतो आणि त्याचं अख्खं घर साहेबांना मत देतं. त्याला दोष कसा देणार? पण डग्लसमध्ये आणि त्याच्यात फरक हाच आहे. डग्लस म्हणत आला की आपला पाय नशिबाने वाचला, आणि दुसऱ्या कोणाचा पाय नशिबावर सोडता कामा नये. आपल्याकडे त्या नशिबाला साहेबांचं नाव लागतं.

आता दाजी. केंद्र सरकारी नोकरीत होते. पुण्यात त्यांची बायपास झाली, बिल काही लाखांत, सगळं सीजीएचएसमधून, म्हणजे केंद्र सरकारी नोकरांच्या आरोग्य योजनेतून. त्यासाठी त्यांच्या पगारातून महिन्याला ६५० रुपये कापले जायचे. आणि हेच दाजी प्रत्येक दिवाळीला म्हणतात, ‘फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही.’ दाजी, तुम्हाला तुमच्या बायपासची किंमत नाही का? १९४६ सालीच, देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करायला नेमलेल्या भोर समितीने लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. सीजीएचएस आली १९५४ मध्ये. म्हणजे सरकारी नोकरांची सोय आधी झाली आणि बाकीच्यांना सांगितलं, थांबा. परिस्थिती सुधारतेच आहे, हे सांगायला दाजी आकडेही दाखवतात: लोक स्वतःच्या खिशातून करतात तो आरोग्यखर्च २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चाच्या ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. आकडा खरा आहे. पण तो खाली आला तो सरकारी पैसा वाढल्यामुळेही, म्हणजे माझ्याच म्हणण्याला पुरावा.

कोरोनाच्या साथीत महात्मा फुले योजना काही काळ पांढऱ्या कार्डांनाही लागू केली होती. मनात आणलं तर एका आदेशात होतं, हे तेव्हा कळलं. पुढे २०२३ मध्ये रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण द्यायचा निर्णय झाला आणि २०२४ पासून तो लागू आहे. आता माझंही डायलिसिस योजनेतून होतं. बाकावरची ती कुजबुज आमच्या युनिटमध्ये बंद झाली, याचं मला स्वतःच्या वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त समाधान आहे.

माझं मत बदललं का, तर आजारपणाआधी मी या विषयावर विचारच केला नव्हता. कोणाला मत देतो ते इथे लिहीत नाही. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र विचारतो की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची किती मशीन चालू आहेत. तुम्हीही तुमच्याकडे विचारा.

दोन गोष्टी राहिल्या. दाजी माणूस म्हणून वाईट नाहीत. डायलिसिससाठी हातात करतात त्या फिस्टुलाच्या ऑपरेशनला त्यांनीच उसने पैसे दिले आणि आजवर मागितले नाहीत. आणि पाच लाख ऐकून कोणी हुरळून जाऊ नका. योजना म्हणजे मुख्यतः दाखल झाल्यावरचे ठरावीक उपचार, तेही योजनेतल्याच दवाखान्यात. घरी घ्यायच्या रोजच्या गोळ्या मी अजून मेडिकलमधून विकत आणतो. दाजींना त्यांच्या बीपीच्या गोळ्या सीजीएचएसच्या दवाखान्यातून मिळतात. सर्वांसाठी आरोग्यसेवा म्हणतो तेव्हा दाजींना जे मिळतं तेच मी मागतोय, माझ्यासाठी आणि त्या केशरी कार्डवाल्यासाठीही.