कॉलेजच्या मुलांना घेऊन 'संशयकल्लोळ' बसवतोय, तालमीत मुलंच हसत सुटतात पण प्रवेश काही रंगत नाही, काय करू?

मी इकडे जळगावात कॉलेजच्या मुलांची नाटकं बसवते, म्हणून सांगते. पहिलं म्हणजे मुलांचं विनोद करणं बंद करा. फाल्गुनरावाला, म्हणजे नाटकातल्या संशयी नवऱ्याला, आपण विनोदी आहोत हे माहितीच नाहीये हो, त्याच्या डोक्यात त्याचा संसार मोडायला निघालाय! तो जितका मनापासून जळेल तितकं पब्लिक हसेल. डोळे वटारणं, चिरका आवाज, टीव्हीवरच्या स्किटसारखं प्रेक्षकांकडे बघून पंच मारणं, सगळं काढून टाका. मोबाईल-व्हॉट्सअ‍ॅपचे जोकही घुसवू देऊ नका, मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० च्या नाटकावरून इंग्रजीत मर्फीनं केलं, त्यावरून मराठीत गोविंद बल्लाळ देवलांनी, १९१६ पासून आपल्याकडे चालतंय, त्याला आपल्या ठिगळाची गरज नाही.

दुसरं, तसबीर. अश्विनशेठची प्रेयसी रेवती, तिला चक्कर येते, फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते, आणि रेवतीकडून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते तर ती तिच्या हातात फाल्गुनरावाला दिसते, पुढचा सगळा गोंधळ यावरच उभा आहे. एवढ्याच तुकड्याची एक अख्खी तालीम शब्दांशिवाय घ्या. तसबीर पडताना मधे कोणी आडवं यायला नको, उचलल्यावर कृत्तिकेनं ती छातीपाशी धरून क्षणभर थांबायचं, मगच फाल्गुनरावाची एन्ट्री. मागच्या रांगेला दिसेल एवढी मोठी करा, चकचकीत फ्रेमची, आणि पहिल्या तालमीपासून तीच वापरा. धोतर नि नऊवारीपण पहिल्यापासूनच, कारण जीन्समधली चाल धोतरात चालत नाही.

भाषेचं म्हणाल तर आपल्याकडची बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात आणि देवलांची वाक्यं पाठ म्हटल्यासारखी म्हणतात. मग मी नवराबायकोचं भांडण आधी अहिराणीत करायला लावते, "हाऊ फोटो कोना शे?" इथून सुरू, आणि काय पेटतात पोरं! तोच राग, तोच वेग ठेवून लगेच संहितेची वाक्यं घ्यायची. फार सुंदर होतं हे, करून बघाच.

पदं गाणारी मुलं असतील तेवढीच ठेवा, बाकी कापा.

आणि शेवटच्या काही तालमींना नाटक न पाहिलेली माणसं बसवा, होस्टेलची पोरं, शिपाईकाका, कोणीही. हशा आला की पुढचं वाक्य दाबून धरायचं आणि तो ओसरायला लागला की लगेच उचलायचं, हे समोर माणसं असल्याशिवाय शिकवता येत नाही.