स्वस्त प्लॅन घेतला आणि काही झालं तर?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींचे सर्वांत जास्त फोन मला ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. कंपनीत ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडायची ठरावीक मुदत, सुरू झालेली असते आणि पोर्टलवर आरोग्य विम्याचे दोन-तीन प्लॅन समोर असतात. एकदा बटण दाबलं की लग्न, बाळंतपण, जोडीदाराची नोकरी जाणं असं काही घडल्याशिवाय वर्षभर बदल करता येत नाही. मग प्रश्न ठरलेला: "पगारातून कमी कापणारा घ्यावा की जास्त कापणारा?"

अशाच एका जोडप्याची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती अर्धवेळ काम करणारी, मुलगी लहान. बायकोला दमा. आदल्या वर्षी त्यांनी स्वस्त प्लॅन घेतला होता. एका रात्री तिला इतकी धाप लागली की ईआर (हॉस्पिटलचा तातडीचा विभाग) गाठावं लागलं, आणि नंतर तीन हजार डॉलरच्या वर बिल घरी आलं.

"ताई, या वर्षी महागडाच घ्यायचा, मी ठरवलंय," तो म्हणाला. "पैसे गेले तर गेले. स्वस्ताईच्या नादात हे सगळं झालं."

ती गप्प बसली होती. मी तिला विचारलं, "रोजचा इन्हेलर कसा घेतेस?"

"डॉक्टरांनी सकाळी दोन पफ, रात्री दोन पफ सांगितलेत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मी फक्त रात्रीचे घेत होते. महिन्याचा इन्हेलर दोन महिने पुरायचा. दर वेळी काउंटरवर एवढे पैसे द्यायचे म्हणजे जिवावर यायचं."

हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने पुढे कितीतरी वेळ पोर्टलकडे पाहिलंसुद्धा नाही.

स्वस्त प्लॅनमध्ये डिडक्टिबल मोठं असतं. म्हणजे वर्षातला तेवढा खर्च आधी आपल्या खिशातून करायचा आणि मगच कंपनीचा विमा हात लावणार. हे कागदावर सगळ्यांना कळतं. पण खर्च आपल्या खिशातून जायला लागला की माणूस अनावश्यक तपासण्यांबरोबर आवश्यक औषधंही टाळायला लागतो. अमेरिकेतल्या रँड संस्थेने 1970 आणि 80च्या दशकांत हजारो लोकांना वेगवेगळे प्लॅन देऊन जो मोठा प्रयोग केला, त्यातही हेच दिसलं होतं. आणि आपल्या घरांत ही काटकसर बहुतेक वेळा बाईच स्वतःवर करते. मुलीचं औषध ती कधी अर्धं करणार नाही, स्वतःचं करते. म्हणून प्लॅनबद्दल बोलताना मी दोघांनाही समोर बसवते.

मग आकडे मांडले. स्वस्त प्लॅनला दर पंधरवड्याच्या पगारातून 90 डॉलर, महागड्याला 260. वर्षात 26 पगार, म्हणजे 2,340 विरुद्ध 6,760. फरक 4,420 डॉलरचा, आणि कोणी एकदाही शिंकलं नाही तरी तो जाणारच. स्वस्ताचं डिडक्टिबल 4,000, महागड्याचं 1,000. इथेच त्याची नजर अडकली होती: "तीन हजारांचा फरक आहे ना!" आहे. पण ते तीन हजार वाचवायला तो 4,420 भरायला निघाला होता.

पुढचा आकडा बरेच जण बघतच नाहीत, तो म्हणजे आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम. डिडक्टिबल भरल्यावरही बिलाचा काही वाटा आपल्याकडे असतोच, पण नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या उपचारांसाठी वर्षात या रकमेपेक्षा जास्त आपल्याला काही द्यावं लागत नाही. स्वस्तात तो 8,000 होता, महागड्यात 6,000. शिवाय स्वस्त प्लॅन घेणाऱ्याच्या एचएसए खात्यात (औषधपाण्यासाठी करमुक्त पैसे साठवायचं खातं) कंपनी स्वतःचे 1,000 टाकणार होती. सगळ्यात वाईट वर्ष धरलं तर स्वस्ताचे 2,340 अधिक 8,000 वजा 1,000, म्हणजे 9,340. महागड्याचे 12,760. म्हणजे अगदी मोठं आजारपण आलं तरी त्यांच्यासाठी स्वस्त प्लॅनच स्वस्त पडत होता.

त्याला हे पटेना. ते स्वाभाविक आहे. एका मोठ्या अमेरिकन कंपनीतल्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यातही बहुतेकांनी असेच प्लॅन निवडले होते, जे कुठल्याही परिस्थितीत महागच पडणार होते. मोठं डिडक्टिबल दिसलं की पोटात गोळा येतो, आणि पगारातून हळूहळू कापले जाणारे पैसे जाणवत नाहीत.

पण आकड्यांनी तिचा सकाळचा पफ परत येणार नव्हता. मी विचारलं, "गेल्या वर्षी प्रीमियमचे वाचलेले पैसे कुठे गेले?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरखर्चात गेले होते. एचएसए उघडलेलं होतं, पण त्यात कंपनीच्या पैशांशिवाय काहीच नव्हतं, आणि त्या खात्याचं कार्ड नवऱ्याच्या पाकिटात होतं.

माझ्या मते खरी दुरुस्ती इथे होती. फरकाचे पंधरवड्याचे 170 डॉलर पगारातूनच थेट एचएसएत वळवायचे. 2026 साठी कुटुंबाची मर्यादा कंपनीचा वाटा धरून 8,750 आहे, त्यात हे सहज बसतं. पगारातून गेलेल्या या पैशांवर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची कपातही होत नाही. उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर बुडत नाही. एक अडचण मात्र आहे: खात्यात जमा झालं असेल तेवढंच वापरता येतं, त्यामुळे जानेवारीतच मोठं बिल आलं तर खातं रिकामं असतं. अशा वेळी आधी खिशातून द्यावं, पावती जपावी आणि पैसे साठले की काढून घ्यावेत. खातं उघडल्यानंतरचा खर्च असेल तर हे चालतं.

आणि दुसरं कार्ड तिच्या नावाचं मागवायला सांगितलं. औषधाच्या दुकानात उभं राहून तिला घरखर्चातून पैसे काढल्यासारखं वाटता कामा नये.

आणखी एक गोष्ट त्यांना एचआरकडून काढून घ्यायला लावली: प्रिव्हेन्टिव्ह, म्हणजे आजार बळावू नये म्हणून घ्यायच्या औषधांची यादी. 2019 पासून अशा मोठ्या डिडक्टिबलच्या प्लॅनना दम्याचे स्टिरॉइड इन्हेलर, मधुमेहींचं इन्सुलिन, कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन अशी काही औषधं डिडक्टिबलच्या आधीच द्यायची मुभा आहे. सक्ती नाही, म्हणून विचारावं लागतं. तिचा इन्हेलर यादीत निघाला. वर्षभर ती ज्याची काटकसर करत होती, ते औषध तिला थोडक्या पैशांत मिळू शकलं असतं. तिचे डोळे भरून आले, आणि मलाही फार वाईट वाटलं. एवढी महत्त्वाची माहिती पन्नास पानी पीडीएफमध्ये पुरलेली असावी, हे बरोबर नाही.

काही घरांना मी महागडाच घ्या म्हणते. हाताशी अजिबात शिल्लक नाही, दर महिन्याचं महाग औषध यादीत नाही, किंवा दोन्ही प्लॅनच्या वरच्या मर्यादेतला फरक प्रीमियमच्या फरकापेक्षा मोठा आहे, अशांना. जोडीदाराने आपल्या कंपनीत साधं एफएसए (औषधपाण्यासाठी करमुक्त पैशांचं दुसऱ्या प्रकारचं खातं) घेतलं असेल तर एचएसएत पैसे भरता येत नाहीत, तेव्हाही गणित बदलतं.

निघताना तिने हळूच विचारलं, "दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. मग?" बाळ झाल्यावर निदान 30 दिवस प्लॅन बदलायची मुभा मिळते, आणि त्या मुदतीत नाव घातलं की बाळाला जन्मदिवसापासून विमा लागू होतो. पण डिडक्टिबल दर वर्षी नव्याने सुरू होतं, बहुतेक ठिकाणी जानेवारीत. तपासण्या एका वर्षात आणि प्रसूती पुढच्या वर्षात आली तर दोनदा भरावं लागतं. म्हणून तारीख कळली की पुढच्या ओपन एनरोलमेंटच्या आधी हेच गणित पुन्हा मांडायला दोघांनी मिळून यायचं, असं ठरलं.