सासूबाईंचं नाव संशोधनात घालू का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. डॉक्टरांनी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सांगितलाय. रात्री उठून मागचं दार उघडतात, मलाच विचारतात, 'तू खंयची गो?' मध्यंतरी या आजारावर संशोधन करणारी मंडळी घरी येऊन फॉर्म ठेवून गेली. यजमान म्हणतात, आईवर प्रयोग नकोत. नणंद म्हणते, नवीन औषध मिळत असेल तर सही करून टाका. त्या लोकांनी मलाही बैठकीला बोलावलंय, घरी सांभाळणाऱ्यांनी बोलावं म्हणून. मी बारावी शिकलेली. डॉक्टरांपुढे काय बोलणार?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : एवढं पत्र लिहिलंत, पण फॉर्ममध्ये काय आहे त्याचा एक शब्द नाही. म्हणजे घरात वाद झाला, फॉर्म कुणी वाचला नाही. आधी तो वाचा. औषधाची चाचणी आहे की नुसती प्रश्नावली, हे पहिल्याच पानावर असतं. औषध असेल तर यजमानांची भीती रास्त आहे. मग चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा (भारतात औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, २००९पासून नोंद सक्तीची आहे), नैतिकता समितीचा (संशोधनात माणसांवर अन्याय होऊ नये हे पाहणाऱ्या समितीचा) फोन मागा, अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते विचारा. मधेच बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, हे कागदावर हवं. नणंदबाईंना सांगा, चाचणीत सगळ्यांनाच नवं औषध मिळतं असं नाही.

आणि सही मुलाची असली, तरी सासूबाईंनी हात मागे घेतला तर तो नकारच. आजारी माणसाला कळत नाही म्हणून त्याचा नकारही मोजायचा नाही, हे मला पटत नाही.

प्रश्नावली असेल, तर मात्र माझं मत सरळ आहे : घ्या भाग. तुमच्या शेजारच्या गोव्याचंच उदाहरण देते. १९९८मध्ये कोचीला जगभरच्या संशोधकांनी एक गट बांधला, नाव '१०/६६'. डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि तिथल्या लोकवस्तीत झालेलं संशोधन १० टक्क्यांहूनही कमी, त्यावरून हे नाव. याच चळवळीतून गोव्यात तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत ८१ कुटुंबांचा अभ्यास झाला; २००८मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात तपासली ती गोळी नव्हे, मदत! निम्म्या घरांत प्रशिक्षित सल्लागार जात, आजार समजावून सांगत, हट्ट-भटकणं-संशय कसा हाताळायचा ते दाखवत. गरज पडली तरच मानसोपचारतज्ज्ञ. बाकीच्यांना आधी नुसती माहिती मिळाली. सहा महिन्यांनी पाहिलं तर सल्लागार गेलेल्या घरांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला होता. आजार काही पळाला नव्हता. आणि सल्लागार होण्यासाठी काय लागायचं? स्थानिक भाषा, बारावीपर्यंतचं शिक्षण आणि म्हाताऱ्या माणसांसाठी काम करायची ओढ. तेव्हा बारावीचं मला सांगू नका.

तुमची साक्ष का लागते, तेही सांगते. मी रुग्णालयात समाजसेविका होते तेव्हा नातेवाइकांना विचारायचे, 'आईंना स्वयंपाक जमतो का?' ठरलेलं उत्तर : 'करावाच लागत नाही, सून आहे ना.' बाजार मुलगा आणतो, पैसे मुलगा बघतो, मग आईचं काय सुटलं ते दिसणार कुठून? खेड्यांत नेहमीच्या निकषांनी आजार फारच थोडा सापडायचा, त्याचं हेही एक कारण. म्हणून '१०/६६'च्या पद्धतीत म्हाताऱ्या माणसाशी बोलतात आणि घरच्यांशीही वेगळं बोलतात. शाळेत न गेलेल्या बाईला आकडे उलटे म्हणायला लावून काय कळणार?

बैठकीचं म्हणाल, तर जा. सरकारला आकडे लागतात. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, हा अंदाज २०२३मध्ये आला. त्यासाठी देशभर तपासण्या झाल्या. पण रात्री तीनला दाराशी उभं राहणाऱ्या सुनेचे तास त्या आकड्यात नाहीत. ते मांडायला २०१८मध्ये 'स्ट्राइड' नावाचा प्रकल्प सुरू झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पुढाकाराने भारत, ब्राझील, केनिया, मेक्सिको असे सात देश त्यात होते. घरच्या काळजीची किंमत काय, ती कोण भरतं, हा त्यातला एक मोठा प्रश्न. केरळने तर २०१४मध्येच राज्याचा डिमेन्शिया उपक्रम काढला. आपल्याकडे कुणी मागितल्याशिवाय मिळेल असं मला दिसत नाही.

बैठकीला जाण्याआधी आठवडाभर कॅलेंडरवर लिहा : सासूबाई किती वाजता उठल्या, तुम्ही किती वेळ जाग्या राहिलात, त्या दिवशी तुमचं काय राहिलं. बैठकीत तेच वाचा. आभार मानत बसू नका. तालुक्याला दिवसभर सांभाळणारी जागा हवी का, घरी येणारी बाई हवी का, ते मागा. अहवाल आमच्या भाषेत परत आणून वाचून दाखवाल का, हेही विचारा. उत्तराला टाळाटाळ झाली तर समजून जा.

तोवर मागच्या दाराला वरच्या बाजूला, नजरेत न येणारी कडी लावा, आणि दाराला घंटी अडकवा. कुलूप लावून त्यांना एकटं ठेवू नका. 'खंयची गो' विचारलं की नाव सांगून मोकळ्या व्हा. 'ओळखत नाही का' म्हणून परीक्षा घेऊ नका.

प्रश्न : वडिलांना अल्झायमर आहे. पश्चात मेंदू संशोधनाला देता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बंगळूरच्या निम्हान्समध्ये (मन आणि मेंदूच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेत) मानवी मेंदूंची पेढी आहे. पण मेंदू मृत्यूनंतर काही तासांतच काढावा लागतो, त्यामुळे पुण्याहून जमेल का ते आत्ताच विचारून घ्या. देहदानाचा फॉर्म भरलेला असेल तर दोन्ही एकदम होईल असं धरून चालू नका, त्या महाविद्यालयालाही विचारा. आणि वडिलांना अजून समजत असेल, तर आधी त्यांनाच.