अँटिबायोटिक द्यायचं की नाही? कुत्र्या-मांजरांच्या जंतुसंसर्गाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत 'कोणतं अँटिबायोटिक द्यावं?' असं विचारलेलं आहे. त्याआधी विचारायला हवं ते असं : जंतू खरंच आहेत का, कुठले आहेत आणि तिथे का फोफावले? उत्तरं याच क्रमाने दिली आहेत.

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या लॅब्रडॉरला दर पावसाळ्यात पोटावर आणि जांघेत पुरळ येतं. सेफॅलेक्सिनने तीनदा बरं झालं, चौथ्यांदा काहीच फरक पडला नाही. कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं तपासण्याच्या चाचणीत) 'एमआरएसपी' आलं. आता लिनेझोलिड सुरू करावं का? घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, त्याला काही होईल का? – एक वाचक, पनवेल

उत्तर : लिनेझोलिड नको. तुमच्या कुत्र्याला ते लागणारही नाही.

एमआरएसपी म्हणजे मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या कुटुंबातल्या औषधाला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमिडियस. हा जंतू निरोगी कुत्र्यांच्याही नाकात, तोंडात आणि गुदद्वाराभोवती राहतो. त्याच्या काही वाणांत 'मेक-ए' नावाचं जनुक असतं. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन ही औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटून ते काम बंद पाडतात. मेक-ए असलेला जंतू या प्रथिनाचा वेगळाच प्रकार तयार करतो आणि त्याला ही औषधं नीट चिकटतच नाहीत. म्हणून सेफॅलेक्सिन, सेफपोडॉक्झिम, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड हे सगळं कुटुंबच निकामी ठरतं आणि डोस वाढवूनही उपयोग होत नाही. मात्र असा जंतू साध्या जंतूपेक्षा जास्त विखारी नसतो. पुरळ तेवढंच असतं, फक्त गोळ्यांचे पर्याय कमी होतात.

त्वचेच्या वरच्या थरातल्या संसर्गाला मुळात गोळ्यांची गरज क्वचितच असते. अलीकडच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही आता बाहेरून करायच्या उपचारांनाच पहिली पसंती देतात. जंतू कातडीवर आहे, तर औषधही कातडीवर पडू दे. शाम्पूतल्या क्लोरहेक्झिडीनचं प्रमाण इतकं असतं की एमआरएसपीसुद्धा त्यापुढे टिकत नाही.

२ ते ४ टक्के क्लोरहेक्झिडीनचा, प्राण्यांसाठीचा शाम्पू घ्या. आठवड्यातून दोन ते तीन वेळा आंघोळ घाला. अंगावर तेल, मळ, खपल्या असतील तर आधी साध्या शाम्पूने धुवा, पण तो पूर्ण निघून जाऊ द्या. साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्झिडीन निष्प्रभ होतं. मग औषधी शाम्पू केसांवर नुसता न फिरवता बोटांनी कातडीपर्यंत पोचवा आणि घड्याळ लावून १० मिनिटं ठेवा. बहुतेक घरांत उपचार इथेच फसतो. कुत्रा चुळबुळतो, दोन मिनिटांत पाणी ओतलं जातं आणि 'शाम्पूने काही झालं नाही' असा निष्कर्ष निघतो. सुरुवात सर्वांत खराब भागापासून करा, म्हणजे त्या भागाला जास्त वेळ मिळतो. डोळ्यांत आणि कानांत जाऊ देऊ नका. शेवटी जांघा, काखा, बोटांच्या मधल्या बेचक्या टॉवेलने कोरड्या करा. पावसाळ्यात ही पायरी आंघोळीइतकीच महत्त्वाची आहे. आंघोळीच्या अधल्यामधल्या दिवशी त्याच औषधाचा फेस किंवा स्प्रे लावता येतो. फरशी पुसायचं जंतुनाशक पाण्यात मिसळून अंगाला लावू नका.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा. गाठी, रक्त-पू वाहणारी छिद्रं, ताप असं काही असेल तर संसर्ग खोल गेला आहे. तिथे गोळ्या लागतात आणि त्या कल्चर पाहूनच ठरतात. तेव्हाही लिनेझोलिड, व्हॅन्कोमायसिन, कार्बापेनेम ही औषधं माणसांसाठी राखूनच ठेवावीत. युरोपीय संघाने २०२२च्या नियमानुसार ती प्राण्यांना द्यायला बंदी केली आहे. कायदा असो वा नसो, आपणही तो दंडक पाळावा असं आमचं ठाम मत आहे.

तीनदा बरं होऊन पुरळ पुन्हा का आलं, याचा शोध मात्र अजून बाकी आहे. कुत्र्याच्या कातडीवर हा जंतू सहसा आपणहून चढाई करत नाही, आधी काहीतरी कातडी कमकुवत करतं. ॲटोपी म्हणजे ॲलर्जीची खाज, पिसवा, डेमोडेक्स किडे, थायरॉइडची कमतरता हे नेहमीचे संशयित. दर पावसाळ्यात त्रास होतो म्हणजे ॲलर्जी आणि पिसवांचा विचार आधी करा. कातडी खरवडून तपासणी आणि वर्षभर, खंड न पाडता पिसवांवर उपाय, एवढं तरी कराच. मूळ कारण तसंच ठेवून दर वेळी सेफॅलेक्सिन दिलं की मरणारे जंतू मरतात, न मरणारे उरतात आणि मोकळी जागा तेच भरून काढतात.

बाळाबद्दल : हा जंतू माणसांत क्वचितच आजार करतो. पुरळ जाईपर्यंत कुत्र्याला बाळाचं तोंड-हात चाटू देऊ नका, अंथरुणात घेऊ नका, औषध लावताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. त्याचं अंथरूण ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. घरात कुणाची उघडी जखम असेल, केमोथेरपी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना हे सांगा. दवाखान्यात जाण्याआधी फोन करून 'एमआरएसपी आहे' असं कळवा, म्हणजे इतर प्राण्यांमध्ये बसावं लागणार नाही. बरा झाल्यावरही कुत्रा काही महिने हा जंतू बाळगू शकतो. तेवढ्यासाठी औषध देत नाहीत आणि घरातल्या सगळ्यांचे स्वॅब घ्यायचीही गरज नाही.

प्रश्न : चार वर्षांचा, नसबंदी केलेला बोका बाथरूममध्ये थेंब थेंब शू करतो, कधी रक्त दिसतं. अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं की पाच-सहा दिवसांत बरा होतो, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. औषध बदलावं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी सर्वांत तातडीचं. बोका वारंवार बसतो, कळ काढतो, पण शू अजिबात येत नाही, पोट हात लावू देत नाही, उलट्या होतात, अशी लक्षणं दिसली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबला की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो.

शू येते आहे, पण त्रासाने, असं असेल तर तरुण मांजरात बहुतेक वेळा जंतू नसतातच. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला दाह होतो, त्यात ताणाचा मोठा वाटा असतो आणि हा त्रास साधारण आठवडाभरात आपोआप ओसरतो. इंजेक्शन त्याच आठवड्यात पडलं म्हणून श्रेय त्याला मिळालं. औषध बदलून काही साधणार नाही.

या मांजरांना वेदनाशामक, जास्त पाणी आणि शांत घर हवं असतं. वेदनाशामक डॉक्टरांनीच द्यायचं. माणसांची पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणी ठरते. कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं द्या. लिटर बॉक्स (मांजराची शू-शीची पेटी) मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा, तेही वेगवेगळ्या ठिकाणी. खडे आहेत का, ते एक्स-रे किंवा सोनोग्राफीत पाहून घ्या.

जंतूंची खात्री करायची तर नमुना पोटातून सुईने थेट मूत्राशयातून काढलेला हवा. लिटरमधून किंवा फरशीवरून गोळा केलेल्या लघवीत जंतू उगवणारच. नमुना लगेच फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. वय झालेल्या, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्या मांजरांत खरा संसर्ग जास्त आढळतो. पण मांजर नीट शू करतं आहे, त्याला काही त्रास नाही आणि फक्त अहवालात जंतू आले, तर सहसा औषध देत नाहीत. कुत्र्यांनाही हेच लागू. कुत्र्याच्या साध्या मूत्राशयदाहाला तीन ते पाच दिवसांचा कोर्स पुरतो. १४ दिवस देण्याची जुनी पद्धत आता सोडायला हवी.

प्रश्न : २८ किलोच्या कुत्र्याला गोचीड ताप झाला. मेडिकलवाल्यांनी डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी, सात दिवस, असं सांगितलं. ताप उतरला, महिन्याभराने पुन्हा आला. जंतू औषधाला सरावले का? – एक वाचक, बारामती

उत्तर : जंतू सरावले असं म्हणण्याआधी हिशोब करू. गोचीड ताप आणणाऱ्या एर्लिकिया या जंतूसाठी डॉक्सीसायक्लिन दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम लागतं. २८ किलोला २८० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या कुत्र्याला तिसरा हिस्साच मिळाला. मुदत २८ दिवसांची, तीही पावच पाळली गेली. हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत लपतो, म्हणून मूत्राशयदाहाला पाच दिवस पुरतात आणि इथे चार आठवडे लागतात. ताप दोन-तीन दिवसांतच उतरतो, प्लेटलेटही भराभर वाढतात आणि नेमकं तेव्हाच घरचे लोक गोळ्या थांबवतात.

पूर्ण डोस देऊनही तीन दिवसांत ताप हलला नाही, तर निदान पुन्हा तपासा. बाबेसिया गिब्सोनाय हा परजीवीही गोचिडांतूनच येतो, त्यात हिरड्या पांढुरक्या पडतात. डॉक्सीसायक्लिनने तो बरा होत नाही, त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र द्यावं लागतं. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय किंवा पीसीआर (जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) केल्याशिवाय यातलं काय आहे ते कळत नाही, दोन्ही एकत्रही असू शकतात.

गोळी जेवणाबरोबर द्या, म्हणजे उलटी कमी होते. लोहाचं किंवा कॅल्शियमचं टॉनिक दोन तासांच्या अंतराने द्या. मांजराला ही गोळी कोरडी कधीच देऊ नका. ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होते आणि नळी आकसते. मागून सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजा. घरात उरलेलं एन्रोफ्लॉक्सॅसिन हे दुसरं अँटिबायोटिक मांजराला अंदाजाने देणंही तितकंच घातक : दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर कायमचं अंधत्व येऊ शकतं.

प्रश्न : एक वर्षाच्या कुत्र्याला कालपासून जुलाब आहेत, खेळतोय, खातोय. मेट्रोनिडाझोल द्यावं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. असे जुलाब बहुधा काही दिवसांत आपणहून थांबतात आणि औषधाने आतड्यातले उपयोगी जंतू मात्र मरतात. पाणी भरपूर, उकडलेली चिकन आणि भात थोडा थोडा. मलूलपणा, सतत उलट्या, ताप, रक्ताचे जुलाब यांपैकी काही दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या. लस न झालेल्या पिल्लाच्या बाबतीत थांबूच नका. पार्व्हो या विषाणूच्या आजारात आतड्याचं आतलं अस्तर नष्ट होतं, जंतू रक्तात जातात, तिथे सलाइनबरोबर अँटिबायोटिकही लागतं.

प्रश्न : कल्चर अहवालात एका औषधापुढे एमआयसी ०.५ आणि दुसऱ्यापुढे २ आहे, दोन्हींपुढे 'एस'. लहान आकड्याचं औषध जास्त प्रभावी ना? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. ते ठरलेल्या सीमारेषेच्या आत असेल तर 'एस' (औषध लागू पडेल), बाहेर असेल तर 'आर' (लागू पडणार नाही). प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी असते, त्यामुळे दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. 'एस' असलेल्यांपैकी त्या अवयवात नीट पोचणारं आणि कमीत कमी इतर जंतू मारणारं औषध निवडायचं.

माणसांच्या प्रयोगशाळेत नमुना देणार असाल तर 'कुत्र्याचा नमुना' असं ठळक लिहा. मेथिसिलिन-प्रतिकार ओळखायला तिथे बऱ्याचदा सेफॉक्सिटिन हे औषध लावलेली कागदी चकती वापरतात. ती स्टॅफिलोकोकस ऑरियससाठी ठीक आहे, पण स्यूडइंटरमिडियसच्या बाबतीत चकवते. ऑक्सासिलिनची चाचणी मागा. कातडीचा नमुना न फुटलेल्या फोडातून घ्यायचा : भोवतालचे केस कापून, स्पिरिट न लावता, निर्जंतुक सुईने टोचून. कानाच्या बाबतीत हा अहवाल तितका उपयोगी नाही. थेंबांतल्या औषधाचं कानातलं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पट जास्त असतं, त्यामुळे अहवालात 'आर' असलेलं औषधही तिथे काम करू शकतं. कानातला मळ काचेवर घेऊन यीस्ट आहे की जिवाणू, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं आणि पडदा शाबूत आहे याची खात्री करून कान नीट साफ करणं, हे आधी.