उपनगरातील हलक्याफुलक्या भयकथेत मैत्रिणींचे नाते आवश्यक असते का?

कोथरूड किंवा सिंहगड रस्त्यावरील सोसायटीत घडणारी हलकीफुलकी भयकथा लिहिताना नायिकेला मैत्रिणी हव्यातच का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्यांच्याशिवाय अशी कथा उभीच राहत नाही. ओसाड वाड्यातील भुताला एकांताची साथ असते. उपनगरात मात्र भिंतीला भिंत लागून माणसे राहतात, त्यामुळे तेथे आपल्या बोलण्यावर कोणीच विश्वास ठेवणार नाही ही भीती अधिक खोल असते. नवरा, मुले आणि सोसायटीचे सचिव ज्या बाईला ‘तुला भास होत असतील’ असे सांगून गप्प करतात, तिचे म्हणणे भिशीतील एखादी मैत्रीण शेवटपर्यंत ऐकून घेते आणि तेथूनच कथेला गती मिळते.

आयरा लेव्हिन यांच्या १९७२ सालच्या ‘द स्टेपफर्ड वाइव्ह्ज’ या अमेरिकी उपनगरातील कादंबरीत नायिकेची मोकळीढाकळी मैत्रीण बॉबी अचानक आदर्श गृहिणी होते, तो प्रसंग मला सर्वांत भयंकर वाटतो, कारण नायिकेची हसण्याबोलण्याची एकमेव जागाच त्यात नाहीशी होते.

विनोदही या नात्यातूनच यावा. पिशाच्चाला हुसकावण्याची वेळ ठरवताना कोणाच्या मुलाची शिकवणी, तर कोणाच्या सासूबाईंची डॉक्टरांकडची वेळ आड यावी. बायकांच्या भित्रेपणावर मात्र हशा मिळवू नये. मैत्रिणींमध्ये एखादे जुने भांडण किंवा पैशांमुळे आलेला दुरावाही अवश्य ठेवा, म्हणजे मध्यरात्री कोणती मैत्रीण दार उघडेल याची वाचकाला आधीपासून खात्री राहणार नाही.