वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्स कारचे किंचाळणारे ब्रेक

प्रश्न : मी जुनी, दोन आसनी जर्मन स्पोर्ट्स कार घेतली आहे. सिग्नलला हळूहळू थांबताना पुढच्या चाकांतून इतका कर्कश आवाज येतो की शेजारचे रिक्षावाले वळून पाहतात. द्रुतगती मार्गावर जोरात ब्रेक दाबला तर मात्र आवाज येत नाही. गॅरेजमध्ये पॅड पॉलिश पेपरने घासून घेतले की थोडे दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. पॅड बदलावेत का, आणि बदलायचे तर रेसिंगचे घ्यावेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण केलेल्या वर्णनातच अर्धे निदान आहे. हलक्या दाबाला किंचाळणारे आणि जोराच्या दाबाला गप्प बसणारे ब्रेक बहुधा निकामी झालेले नसतात. ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, दाबला जातो; पण तो तिच्यावरून सलग घासत जात नाही. तो क्षणभर डिस्कला धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, आणि ही धरसोड सेकंदाला हजारो वेळा होऊ लागली की डिस्क एखाद्या झांजेसारखी थरथरून वाजू लागते. दाब वाढला की पॅड पक्का रेटला जातो व बऱ्याचदा ही थरथर दबते. स्पोर्ट्स कारच्या पॅडमध्ये धातूचे प्रमाण बहुधा अधिक असते, डिस्कही मोठ्या असतात. त्यामुळे साध्या हॅचबॅकपेक्षा त्या अधिक बोलक्या असणार, हे थोडेफार गृहीतच धरावे लागते.

पॉलिश पेपरने पॅडवरचा तापून चकचकीत झालेला थर निघतो, पण तो थर का धरला हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून नवे पॅड मागवण्यापूर्वी जुने पॅड काढून स्वतः पाहावेत. पॅडच्या पाठीमागे पातळ पत्र्याची, अनेकदा रबराचा थर असलेली शिम असते. कंप शोषण्याचे काम तिचे. पॅड बदलताना ती जागेवर बसवायची राहून गेली किंवा गंजून सुटली, तर उत्तम पॅडही ओरडतो. पॅड ज्या पिनांवर आणि खाचांत सरकतो तिथे काळी, घट्ट बसलेली धूळ असेल, तर तो ब्रेक सोडल्यावर पुरता मागे सरकत नाही. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला, तर पॅड किंवा त्याला रेटणारा पिस्टन कुठेतरी अडकतो आहे असे समजावे. या जागा साफ करून ब्रेकसाठीचे, उष्णता सोसणारे ग्रीस फक्त पिनांवर आणि पॅडच्या पाठीवर अगदी पातळ लावावे. साध्या ग्रीसने कॅलिपरची, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याची, रबरे फुगतात, आणि पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेलाचा थेंबही लागता कामा नये. आवाज बंद करण्यासाठी कोणी तिथे फवारा मारू लागले तर त्याला वेळीच थांबवावे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. ब्रेक न दाबताही बारीक चिरका आवाज येत असेल आणि दाबल्यावर तो थांबत किंवा बदलत असेल, तर पॅड संपत आल्याची सूचना देणारी पत्र्याची जीभ डिस्कला लागत असण्याची शक्यता आहे. जर्मन गाड्यांत बऱ्याचदा या जिभेऐवजी पॅडमध्ये तार बसवलेली असते. ती झिजून उघडी पडली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि मग पॅडबरोबर तीही बदलावी लागते.

आता रेसिंगच्या पॅडविषयी. शहरात आणि घाटात चालणाऱ्या गाडीला ते घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ट्रॅकवरचे पॅड तापल्यावरच नीट धरतात. सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना समोर अचानक कोणी आले, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची पकड कमी असते. शिवाय ते अधिक ओरडतात, डिस्क लवकर खातात आणि अलॉय चाकांवर काळी धूळ बसवतात. रस्त्यासाठी सिरॅमिक मिश्रणाचे पॅड सर्वांत शांत व स्वच्छ. थोडी अधिक चावरी पकड हवी असेल तर रस्त्यासाठी बनवलेले, थोडासाच धातू असलेले (लो-मेटॅलिक) पॅड घ्यावेत आणि त्यासोबत थोडा आवाज स्वीकारावा. अनेक पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात : पहिले सामान्य तापमानातील पकड सांगते, दुसरे तापलेल्या अवस्थेतील. ‘ई’ म्हणजे घर्षणांक (पकडीचे माप) ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. आवाजाबद्दल ही अक्षरे काहीही सांगत नाहीत, हे विक्रेता सांगेलच असे नाही.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कशी जुळवून घ्यावे लागतात, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हयगय इथेच होते. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरवरून २० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग उतरवावा. पूर्ण थांबू नये, आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी चालवून ते थंड होऊ द्यावेत. त्यामुळे पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो. तापलेले पॅड दाबून गाडी उभी ठेवली, तर तो थर एका जागी डागासारखा बसतो आणि स्टिअरिंगला थरथर जाणवू लागते.

प्रश्न : माझी गाडी समुद्राजवळ उभी असते. पावसाळ्यात रोज सकाळी पहिली काही मिनिटे ब्रेक खरखरतात.
— एक वाचक, पणजी

उत्तर : ओतीव लोखंडाच्या डिस्कवर रातोरात गंजाचा तांबूस थर चढतो, आणि पाच-सहा वेळा ब्रेक दाबला की तो पुसला जातो. काळजीचे कारण नाही. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर मात्र हॅण्डब्रेक ओढून न ठेवता ती गिअरमध्ये उभी करावी व चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, म्हणजे पॅड डिस्कला चिकटून बसणार नाहीत.

प्रश्न : कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेसाठी, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायला, जायचे आहे. तेवढ्यापुरते पॅड बदलले की पुरे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा उष्णतेच्या रूपात पेलावी लागते. ती पॅडमधून पिस्टनपर्यंत आणि तिथून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, परंतु हवेतली ओल शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट तळाला जाते. अशा वेळी पॅड कितीही महागडा असला तरी उपयोग नाही. म्हणून जाण्यापूर्वी ऑइल बदलून घ्यावे, गाडीच्या पुस्तिकेत मुभा असेल तर डॉट ५.१ चालेल, डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असल्याने डॉट ४ वर चालणाऱ्या गाड्यांत मुळीच घालू नये. मागच्या चाकांना विजेवर चालणारा हॅण्डब्रेक असल्यास मागचे पॅड काढण्यापूर्वी तो सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी पिस्टन मोकळा करणाऱ्या स्थितीत, न्यावा. पिस्टन जबरदस्तीने मागे दाबला, तर हॅण्डब्रेकची यंत्रणा बिघडू शकते.